हाराचे खिळे

"कब हुआ मॅडम? आमाले तं काही खबरच नाही," फोटो मढवणारा नासिर म्हणाला, आणि फ्रेम त्यानं नेहमीसारखी काउंटरवर आडवी टाकली नाही. दोन्ही हातांनी उभी धरली, काच फडक्यानं एकदा पुसली आणि अलगद टेकवून ठेवली. काय कधी झालं, हे ज्योत्स्नाला पटकन उमगलं नाही. अमरावतीच्या इतवारा बाजारात दुपारची गर्दी होती, समोर केळीवाल्याचं आणि एका रिक्षावाल्याचं चांगलं जुंपलं होतं, आणि तिचं लक्ष फ्रेमच्या वरच्या पट्टीकडे गेलं होतं. तिथे दोन्ही कोपऱ्यांवर पितळेचे दोन बारके खिळे ठोकलेले होते, टोकं वर वळवलेले. हाराचे खिळे. नासिरच्या दुकानाची ही रीतच होती. लग्नाचा फोटो आला की मागे टेकू, आणि म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो आला की वर दोन खिळे. गिऱ्हाइकानं सांगायचं नाही, त्यानं विचारायचं नाही. दुःखातल्या माणसाला 'हार लटकवायची सोय करू का' असं विचारणं त्याच्या जिवावर येई. ज्योत्स्नाची आई सुंदराबाई गेली तेव्हा तिचा फोटो त्यानंच मढवला होता, आणि त्यालाही असेच दोन खिळे होते. आता हा तिच्या बापाचा, डोमाजीचा. "नेक आदमी होते काका," नासिर म्हणाला. ज्योत्स्ना कॉलेजात इंग्रजी शिकवत होती, तास-तासभर अडखळल्याशिवाय बोलत होती. 'अहो, बाबा घरी आहेत, आत्ता खाटेवर बसून चहा पीत असतील,' एवढंच म्हणायचं होतं. ते तिला म्हणता आलं नाही. नुसती गप्प राहिली असती तरी निभावलं असतं. पण तिनं हो म्हणून मान हलवली.

ऑटोत फ्रेम गुडघ्यांवर उभी धरून ती बसली, चेहऱ्याची बाजू स्वतःकडे. राजकमल चौकात ऑटो थांबला तशी तिनं ओढणीचं टोक काचेवर ओढून घेतलं, जणू कुणी ओळखीचं बघेल. मान का हलवली? संकोचानं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. बिचाऱ्यानं एवढ्या अदबीनं विचारलं, त्याला तोंडावर खोटं पाडायचं कसं. पण हे काही खरं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. खरं हे होतं की नासिरनं 'होते' म्हटलं आणि तिला क्षणभर हलकं वाटलं. फार नाही, ओझ्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना वाटतं तेवढंच. बाप गेला, आता हा फोटो पूर्णपणे आपला झाला, असं काहीतरी. बापावर तिचा जीव होता. तो खोटा नव्हता. मग हे हलकं वाटणं आलं कुठून? ती चढताना ऑटोवाल्याला फोटो दिसला होता. त्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी का?" तिनं पुन्हा मान हलवली. आता दोनदा झालं होतं.

फोटो जमवायचा हा नाद तिला लागला त्याला कापसाच्या त्या वाईट वर्षांचं निमित्त झालं. वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात येऊ लागलं, शेतकऱ्यांची मरणं मोजली जाऊ लागली, दिल्लीहून मदतीच्या घोषणा होऊ लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरेवाले आले. दिल्लीचे, कोलकात्याचे, पार बेल्जियम-जपानचे. त्यांना गावात नेणारं, इंग्रजी येणारं आणि मुख्य म्हणजे बायांशी बोलू शकणारं माणूस हवं असे. नवरा गेलेली बाई परक्या पुरुषाला काय सांगणार? कॉलेजातल्या कुणीतरी ज्योत्स्नाचं नाव सुचवलं. ती तिवशाकडे गेली, दर्यापूरकडे गेली, जीपच्या मागच्या बाकड्यावर ट्रायपॉड मांडीवर घेऊन हिवरखेडपर्यंत गेली. पाहुणे मोबदल्याचं विचारायचे तेव्हा ती म्हणायची, पैसे नकोत, तुमच्या आवडीची एक प्रिंट पाठवा, सही करून. इथल्याच फोटोची असं नाही, जगात कुठलीही. पहिली आली ती धुक्यातल्या नावाड्याची. पार्सल उघडलं तेव्हा तिला वाटलं होतं, पोस्टकार्डाच्या थोरल्या भावासारखं काहीतरी निघेल. निघाला एक जाड, खरबरीत, दुधाळ कागद आणि त्यावर इतका खोल काळा रंग की तिनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं सही, किती प्रतींतली कितवी ते बारीक अक्षरात. मग एकामागून एक येत गेल्या. मिठागरातल्या बाया, पहाडातला मेंढपाळ आणि त्याच्या मांडीवरचं करडू, कुठल्या तरी परमुलखातल्या बाजारात बटाट्यांच्या ढिगापाशी झोपलेली म्हातारी. भिंती भरल्या. भिंती भरल्यावर उरलेल्या प्रिंटांसाठी आम्ल नसलेल्या, कागदाला न खाणाऱ्या पुठ्ठ्याच्या सपाट पेट्या तिनं मुंबईहून मागवल्या आणि घरातल्या एकमेव कोरड्या, सपाट, कुणाचा पाय न लागणाऱ्या जागी सरकवल्या. ती जागा म्हणजे बापाच्या खाटेखालची. हाताळायला सुती पांढरे हातमोजे ती पर्समध्येच ठेवायची. आणि उन्हानं प्रिंटा पिवळ्या पडतात म्हणून तिनं खिडक्यांना जाड पडदे शिवले.

पडदे लागले तेव्हापासून घरात दिवस कधी उगवलाच नाही. डोमाजीचा सारा जन्म अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये गेलेला. कापूस रेच्याच्या यंत्रात टाकायचा, सुटी रुई इकडे, बी म्हणजे सरकी तिकडे, आणि हवेत उडणारा कीस नाकातोंडात. तिथून निघाला तो छातीत घरघर घेऊनच. बायको गेल्यावर लेकीनं त्याला अमरावतीला आणलं, तेव्हा त्याची एकच मागणी होती, खाट खिडकीपाशी टाक. खाट खिडकीपाशीच होती, पण खिडकीवर पडदा होता. सकाळी ती कॉलेजात गेली की तो पडदा वीतभर सरकवायचा आणि त्या वीतभर उन्हात पाय ठेवून बसायचा. ती यायच्या सुमाराला परत ओढून घ्यायचा. हे तिला कळत होतं, कारण पडद्याच्या घड्या रोज वेगळ्या पडत, पण ती बोलली नाही आणि तोही बोलला नाही. एकदा मात्र तो म्हणाला होता, "जोस्ना, हे भितीवरचे लोकं काही भाडं देतेत का व? आपून त्यायच्यासाठी अंधारात राहून राहिलो." ती हसली होती. हसण्यावारी नेणं हे घरातल्या घरात फार सोपं असतं.

आणि मग बेल्जियमची ब्रिजित आली. वयानं ज्योत्स्नाएवढीच, खांद्याला जुना फिल्मचा कॅमेरा, बोलणं कमी. दोन दिवस गावांत हिंडून तिला काहीच मिळालं नाही. म्हणाली, सगळ्या बायका आता मला बघून आपणहूनच उंबऱ्यात येऊन बसतात, कसं बसायचं ते त्यांना माहीत झालंय. हे खरं होतं, आणि ज्योत्स्नाच्या काळजात ते बारीक काट्यासारखं रुतलं, कारण कसं बसायचं ते त्यांना सांगणाऱ्यांत तीही होती. ज्योत्स्नाच्या घरी जेवताना ब्रिजितनं डोमाजीला विचारलं, तुम्ही काय करत होता? ज्योत्स्नानं मराठीत सांगितलं. म्हातारा खुलला. रेचा कसा चालतो, जास्त ओला कापूस आला तर तो कसा गुरगुरतो, हे हात फिरवून दाखवू लागला. ठरलं, उद्या अकोल्याला जायचं, बाबांचं जिनिंग बघायचं. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. ज्योत्स्नाला ते आठवलं होतं. 'एक तासानं काय होतंय,' हेही तिलाच सुचलं.

जिनिंगमध्ये जुने एक-दोघं भेटले, पाठीवर थापा मारून झाल्या. वरच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचा एक पट्टा खाली येत होता आणि त्यात कीस तरंगत होता. ब्रिजितनं त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. डोमाजी तिथे जाऊन उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली. थोड्या वेळात त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, पापण्यांवर तंतू बसले, गालावरचे खुंट दिसेनासे झाले. मग त्याला खोकला आला. ब्रिजितनं कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हटलं, फक्त एक मिनिट, त्यांना स्थिर राहता येईल का? आणि ज्योत्स्नानं त्याचं मराठी केलं. "बाबा, जराशीक थांबा. हलू नका." डोमाजी थांबला. त्यानं ओठ मिटले, छातीत उसळलेलं सगळं आतल्या आत धरलं, मानेच्या शिरा वर आल्या, डोळे पाणावून मोठे झाले आणि कॅमेऱ्यावर खिळले. कळ दाबल्याचा आवाज झाला. मग तो भिंतीला धरून असा काही खोकला की रेच्यावरच्या बाया काम टाकून धावल्या. संध्याकाळपर्यंत तो बरा होता. म्हणजे बरा आहे असं म्हणत होता.

प्रिंट काही महिन्यांनी आली. बाप त्या वेळी झोपला होता. मोजे चढवून ज्योत्स्नानं वरचा पातळ कागद उचलला आणि ती तशीच उभी राहिली. असा बाप तिनं कधी पाहिला नव्हता. काळ्याभोर अंधारातून पुढे आलेला तो पांढरा चेहरा, एकेक पापणी सुटी, एकेक तंतू सुटा, आणि ते डोळे. ब्रिजितनं सोबत कळवलं होतं की तिच्या देशात हे चित्र बघून लोक बोलायचे थांबतात. केवढी शांतता, केवढा आत्मसन्मान, असं म्हणतात. कागदही मुद्दाम निव्वळ कापसाचा घेतला आहे. कॉलेजात तिच्या एका सहकाऱ्याला तिनं मोबाइलवर काढलेली नक्कल दाखवली, तर तोही म्हणाला, "काय शांत माणूस आहे हो!" शांतता कसली, तो खोकला होता. छातीत कोंडून धरलेला, बाहेर न आलेला. चित्र बघणाऱ्यांत हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि तरीही त्या चित्रापुढे उभी राहिली की तिलाही शांतच वाटायचं. हीच तर अडचण होती. बापाला तिनं सांगितलं की प्रिंट अजून यायची आहे. आधी नासिरकडून नीट मढवून आणू, मग दाखवू, असं मनाशी म्हटलं. आणि आता नासिरनं मढवून दिली होती, खिळ्यांसकट.

घरी आल्यावर तिनं फ्रेम कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली. खिळे पकडीनं उपटून टाकायचे असं ठरवलं, पण पट्टी फुटेल या भीतीनं राहून गेलं. पुढचे काही दिवस ती घरात चोरासारखी वावरली. बाप भाकरी मोडताना दिसला की तिला त्याच्यावर डावीकडून येणारा उजेड दिसायचा. तो डोळे मिटून पडला की आधी ती त्याच्या छातीकडे बघायची, हलते आहे का, आणि हलताना दिसली की मोकळा श्वास घ्यायची. मग त्या मोकळ्या श्वासात आणखी काही मिसळलेलं आहे का, हे चाचपत बसायची. दुसऱ्या कुणाजवळ बोलावं तर काय बोलणार? मी माझ्या जिवंत बापाच्या मरणाला मान हलवली?

रविवारी दुपारी दार वाजलं. दारात नासिर आणि त्याची बायको बिल्कीस. नासिरच्या डोक्यावर टोपी, बिल्कीसच्या हातात कापडात बांधलेला डबा. दुःखाच्या घरी चूल नीट पेटत नाही, म्हणून शिजवून आणलेलं. ज्योत्स्ना दार अर्धवट धरून उभी राहिली. आत या म्हणता येईना, जा म्हणता येईना. बिल्कीसनं पुढे होऊन तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "सबर करो बेटी. माय गेली, आता बाप गेला. अकेली पडली गं तू." आणि आतून, पडद्याच्या अंधारातून, खणखणीत आवाज आला, "कोन आहे व जोस्ना?"

नासिरचा चेहरा पांढराफटक पडला. बिल्कीसनं ज्योत्स्नाला सोडलं आणि एक पाऊल मागे घेतलं. डोमाजी काठी टेकत दारापर्यंत आला. "अरे नासिरभाय! या, या. भाभीबी आल्या. कसं काय येनं केलं?" नासिर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, मग त्याला ते पेलेना. "काका, माफ करजा. मले वाटलं... तो फोटू... म्या तं त्याले खिळेबी मारले." डोमाजीनं नासिरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीकडे तो जरा जास्तच वेळ बघत होता. मग हसला. "म्हंजे तुमी माह्या मौतीले आले? बसा मंग. हे बेस झालं, मी घरीच भेटलो." त्यानं त्यांना बसवलं, चहा करायला लावला, डबा उघडायला लावला. दालचा-चावल होता. ती दोघं नको नको म्हणत असताना त्यानं ताटलीत वाढून घेतला आणि बोटं चाटून खाल्ला. "भाभी, झकास झाला. मानसाले आपल्या मौतीचं जेवन कधी चाखाले भेटत नाही. मले भेटलं." नासिर हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं बसला होता. उठताना दारात ज्योत्स्नाला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी तवा बोलल्या काहून नाही?" तो रागानं विचारत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

ते गेल्यावर डोमाजी म्हणाला, "आन तो फोटू. पाहू दे." तिनं कपाटामागून फ्रेम काढली, खुर्चीवर ठेवली आणि पडदा सरकवला. आज पहिल्यांदाच तिनं स्वतःहून तो सरकवला होता. म्हाताऱ्यानं बराच वेळ पाहिलं. मग बोट पुढे करून एका खिळ्यावर टेकवलं. "चांगला आहे," तो म्हणाला. "कापसानं भरलेला दिसून राहिलो." "कागदबी कापसाचाच आहे बाबा," ती घाईनं म्हणाली, तो बोलता झाला याचाच तिला आधार वाटला. "हाव? म्हंजे छातीत गेला तो कमी पडला होता." मग तिच्याकडे न बघता विचारलं, "नासिरले तू हाव म्हनलं?" ती म्हणाली, "मी काही म्हटलं नाही बाबा." "म्हंजे, नाहीबी म्हनलं नाही," तो म्हणाला, आणि मग स्वतःच विषय सोडून दिला. सोडून दिला की ठेवून दिला, हे तिला कळलं नाही. रात्री जेवताना त्यानं एवढंच सांगितलं, "तो फोटू भितीवर टांगू नको. एका घरात दोन डोमाजी बरे नाही. एक तं तो राहीन, नाही तं मी." तिनं कबूल केलं. मनापासून केलं. तिला बाप हवा होता, तो या घरात, या खाटेवर, तिच्याजवळ हवा होता. दुसरं तिचं होतं कोण?

फ्रेम तिनं आपल्या खोलीत नेली, पुन्हा भिंतीकडे तोंड करून. पण एकदा माहीत झालेली गोष्ट भिंतीकडे तोंड करून कितीशी लपते? कॉलेजातून आलं की कपडे बदलायच्या निमित्तानं दार लोटायचं, फ्रेम वळवायची, पलंगाच्या कडेला बसायचं. सुरुवातीला थोडाच वेळ बसायची. मग उशीर होऊ लागला. तिथे तिला बरं वाटे. बाहेरचा बाप औषध घ्यायला कुरकुरत असे, त्याच्या धोतराला बामाचा वास येई, तोच तोच किस्सा तो पुन्हा सांगे. रात्रंदिवस त्याची ती घरघर. आतला बाप काही मागत नव्हता. त्याच्याकडे कितीही बघितलं तरी त्याला अवघडल्यासारखं होत नव्हतं. त्याच्या पापण्यांवरचे तंतू एकेक करून बघताना तिला भरून यायचं, रडूही यायचं, आणि त्या रडण्याला ती बापावरची माया म्हणायची. ती माया नव्हती असंही नाही. तशीच ती एका दुपारी बसली होती. उन्हाळा लागला होता, कूलरची मोटर घुरघुरत होती. मध्ये कधीतरी काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तो आवाज आपल्याच घरात झाला आहे, हे समजायला तिला वेळ लागला.

बाहेर डोमाजी खाटेखाली वाकून बसला होता. खोकून खोकून त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. पाण्याचा तांब्या कलंडून पाणी पसरलं होतं आणि तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते टिपत होता, खाटेखालच्या तिच्या पेट्यांपर्यंत पाणी पोचू नये म्हणून. पेट्या कोरड्या होत्या. ती धावली, त्याला उचलून बसवलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. पाठ चोळताना तिच्या ध्यानात आलं की हातांत मोजे आहेत, पांढरे, सुती. डोमाजीला ते पाठीवर कळले असावेत. त्याचा श्वास खाली बसला तेव्हा तो म्हणाला, "दोन डाव हाक मारली व तुले." "कूलर चालू होता बाबा, ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "हाव." आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोसला असता. "तुले त्याचा खोकला आयकू येत नाही ना, म्हनून तो तुले बरा वाटते. मानूस बरा आहे तो. त्रास देत नाही." तिनं मोजे ओढून काढले, त्याच्या पायांशी बसली, चुकलं म्हणाली, ती फ्रेम आत्ता फोडते म्हणाली. "फोडू नको," तो म्हणाला. "त्यानं का केलं? आन् एवढा दम म्या कोंडला होता त्याच्यासाठी, तो वाया काहून घालतं?" आणि मग, जणू भाजीचं काय आणायचं ते सांगावं तसं, "मले सकाळी अकोल्याले मैनाच्या घरी नेऊन घाल. नाही तं गाडीत बसवून दे, मी जातो."

मैनाबाई म्हणजे त्याची बहीण, जिनिंगच्या मागच्या वस्तीत राहणारी, बोलायला फटकळ आणि मनानं साफ. ज्योत्स्नानं विनवलं, पडदे काढते म्हणाली, आणि काढलेही. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी घरात उन्हं आली, मेंढपाळाच्या, नावाड्याच्या काचा झगझगू लागल्या आणि चित्रं दिसेनाशी झाली. डोमाजी त्या उन्हात समाधानानं बसला, पण बेत बदलला नाही. त्याची थैली भरताना ती विचार करत होती, काही दिवस बहिणीकडे राहील, राग ओसरेल. आणि याच विचाराच्या शेपटाला दुसरा विचार होता, तो तिनं पुरा होऊ दिला नाही. फ्रेम टांगायला मोकळी भिंत कोणती, हा.

सकाळी ती आंघोळ करून आली तेव्हा बाप दारात तयार उभा होता. टोपी घातलेली, एका हातात काठी, आणि भिंतीला टेकून उभं गोधडीत गुंडाळलेलं, सुतळीनं आवळून बांधलेलं काहीतरी मोठं. वर गोधडी फाडून पितळेच्या खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. "बाबा, हे काय?" "मी एकटा नाही जात. यालेबी घेऊन जातो." "बाबा, ते तिकडे खराब होईल. मैनाआत्याच्या घरी ओल आहे." बोलून गेल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं. ओल तिला फ्रेमसाठी आठवली होती. डोमाजीनंही ते ऐकलं. तो नुसता मान डोलवत राहिला. "याले तुह्यापाशी ठेवून गेलो तं तू मले घ्याले येशीन काय?" तो म्हणाला. "माय, म्या जिनिंगात सारा जलम काढला. रुई कोनती न सरकी कोनती, मले समजते." त्यानं हे इतक्या सरळपणे म्हटलं की तिला हुंदका फुटला. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत उभा राहिला, आणि दुसरा हात त्यानं गोधडीवरून काढला नाही.

बसस्टँडवर तिनं त्याला खिडकीची जागा पकडून दिली. फ्रेम त्यानं दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली, काठी तिच्या कडेला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, काय आहे बाबा, आरसा का? "हाव, आरसाच," तो म्हणाला. कंडक्टरनं घंटी मारली. ज्योत्स्ना खिडकीखाली उभी राहून वर बघत होती. गजांमागे बापाचा चेहरा सावलीत होता, साधा, सुरकुतलेला, दाढी न केलेला, आणि तिनं मुद्दाम त्याच्यावर पडलेला उजेड पाहायचा नाही असं ठरवलं. "मी रविवारी येते बाबा," ती ओरडली. "तुमाले घ्याले येते. फकस्त तुमाले." गाडीनं आचका दिला. डोमाजीनं गजांवर तोंड आणलं, आणि तो रागावलेला नव्हता, हसत होता, लहानपणी तिला जत्रेत पाळण्यात बसवून देताना हसायचा तसा.

"येजो," तो म्हणाला. "मंग पयले कोनाले हात लावशीन, ते पाहू."

त्याला खोकला आला आणि त्या खोकल्यासकट गाडी फाटकाबाहेर वळली. ज्योत्स्ना तिथेच उभी राहिली. बडनेऱ्याच्या पुढे रस्ता उखडलेला आहे, मूर्तिजापूरपर्यंत नुसते हादरे बसतील, काच टिकेल का, हे तिच्या मनात आलं. मग बापाची छाती आठवली. पण ती मागाहून.